नानांची चार मिनिटं

५ जाने. १९६४
ताई नि भाऊजी सकाळच्या गाडीनं मुंबईहून आले. सामानात चित्रपटाचे डबे. भाऊजींनी बावीस वर्षं दुसऱ्यांचे चित्रपट कापले, जोडले. हा पहिला स्वतःचा. निर्माते तेच, संकलकही तेच. लागण्याआधी बडोद्यात एकदा दाखवून बघायचा, हा त्यांचा नेम. इथले लोक तोंडदेखलं हसत नाहीत म्हणे.
आमचे नाना हवेत. सत्तरीत कॅमेऱ्यापुढे! कीर्तनकाराचं काम, चार मिनिटं, गाण्यासकट. अख्ख्या रावपुऱ्याला आमंत्रण.

८ जाने.
मांडवीजवळच्या थिएटरात सकाळी खेळ. भाऊजी पडद्याकडे पाठ करून स्टुलावर, तोंड लोकांकडे. शेवटपर्यंत! कोण कुठे खोकलं, कुठली खुर्ची करकरली, एवढंच टिपत होते. इतकी वर्षं शिकवतेय, मला वर्गाकडे असं बघता आलं नाही.
नानांचं कीर्तन लागलं नि खोकला सुरू. मागचे एक काका शेजाऱ्याला, "चालो, पान खाई आवीए," नि दोघं उठून बाहेर.
बाहेर आल्यावर नाना : "थंडीचे दिवस. लोक खोकणारच."

९ जाने.
ताई-भाऊजींचं वाजलं. ताई : "काय वाटेल ते कापा, नानांना हात लावू नका."
पावसात आठ दिवस थांबून घेतलेला बैलगाड्यांचा प्रसंग भाऊजींनी सकाळीच काढलाय. निर्माता म्हणून जीव जळला म्हणाले, पण काढला. मग सासरे म्हणून नानांना तरी कसं सोडतील?
मला राग आला. कौतुकही वाटलं, त्याची लाज वाटली.

११ जाने.
हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रावर भाऊजींनी मला नवी जोडणी दाखवली. गाणं सगळं गेलंय. कीर्तन संपलंय, नाना उपरण्याची घडी करतात, रिकाम्या सतरंजीकडे बघतात. बस्स, तेवढंच. माझे डोळे भरले.
"गाताना ते आपले नाना असतात गं. इथं कीर्तनकार आहेत."
खरंय. काय माणूस आहे! पण नानांचा जीव त्या गाण्यात.
"त्यांना कोण सांगणार?"
"मीच. कात्री माझी आहे."

१३ जाने.
चहाच्या वेळी सांगितलं. आडवळण नाही.
नाना : "गाणं?"
"नाही राहिलं, नाना."
नानांनी कप खाली ठेवला. मग, "जावईबापू, ती फीत टाकून दिलीत?"
"आणलीय." कागदात गुंडाळलेली गुंडाळी भाऊजींनी नानांच्या हातात ठेवली.
नाना उठून खिडकीशी गेले. चष्मा वर करून उजेडात एकेक चित्र बघायला लागले. ओठ हलत होते. "इथं तोंड मिटलंय... म्हणजे सम आली."
भाऊजी उभेच. "नाना, शुक्रवारी मुंबईत पहिला खेळ. याल ना?"
नाना पुढची फीत सोडवत राहिले.