साबिनची बरणी

४ सप्टेंबर
पोचलो बुवा साल्चेनीच्या धावपट्टीवर! सामान म्हणजे एक ट्रंक, लोकरीचं पांघरूण आणि आलुबुखारच्या दारूची बाटली. सदुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली म्हणून गावातल्या बायका फिदीफिदी हसल्या. हसोत बापड्या. नोकरी नातीनं, इलिंकानं लावून दिली. ती इथं छोटं विमान उडवते. नदीच्या फाट्यांमधल्या, लव्हाळ्यात बुडालेल्या गावांना औषधं, टपाल, कधी सुईण पोचवते. तिच्या आणि आणखी दोन विमानांच्या पेट्रोलची राखण आता माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंतच पाहिली, पण तीस वर्षं सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरांना डिझेल पाजलं. तेलाचा वास मला पुस्तकासारखा वाचता येतो.

मेकॅनिक गेरासिम मोठा थट्टेखोर. म्हणाला, या पामफिलदादा, आधीचा पेट्रोलवाला ओनुफ्रिये म्हातारा होता, तुम्ही तर थेट नोहाच्या नावेतून उतरलेले दिसता! दोघांनी गरम मामालिगावर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीवर, चीज किसून पोटभर खाल्लं. खोली पेट्रोलच्या कोठाराला लागूनच आहे. झोप छान लागणार.

५ सप्टेंबर
काम शिकलो. रस्त्यानं टँकर येत नाही, चिखलच तसा आहे. पिंपं बोटीनं येतात. उतरवलं की पिंप आडवं झोपवायचं, दोन्ही बुचं आतून पेट्रोलात बुडलेली राहतील असं. उभं ठेवलं की झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि गारठ्यात पिंप श्वास आत ओढतं तेव्हा ते बुचातून पितं. थोडक्यात, पिंप तान्ह्या पोरासारखं, झोपलेलंच बरं.

दुसरी रीत बरणीची. उड्डाणाआधी विमानाच्या टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढायचा. पेट्रोल निळं असतं. पाणी असलं तर ते तळाशी बिनरंगी मोत्यासारखं बसतं. नमुना चांगला निघाला की वैमानिकाच्या नावाची चिठ्ठी लावून बरणी खिडकीच्या फळीवर ठेवायची. तो परतला की ‘आला घरी’ म्हणत ती ओतून टाकायची. पण माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय म्हणायचं नाही. गेरासिम एरवी सगळ्याची टिंगल करतो, हे मात्र त्यानं न हसता सांगितलं.

७ सप्टेंबर
आज साफसफाई. हाताला काम असलं की मनाला जळमटं धरत नाहीत. फळीच्या टोकाला, जुन्या फडक्यांमागे एक बरणी सापडली. आतलं पेट्रोल विटून काळ्या चहासारखं झालेलं. चिठ्ठीवर पुसट नाव, साबिन. या नावाचा इथं कुणी नाही. गेला असेल नोकरी सोडून. ओतून टाकली. ओतताना रीतीप्रमाणे तोंडातून निघून गेलंच, आला घरी. बरणी घासूनपुसून लख्ख केली.

८ सप्टेंबर
गेरासिमनं ती धुतलेली बरणी पाहिली आणि बाकावर बसलाच. मग सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ओनुफ्रियेनं एक पिंप आळसानं उभंच ठेवलं होतं. त्यातलंच पेट्रोल साबिनच्या विमानात भरलं. नमुना काढायचाही कंटाळा केला. बरणी भरली ती दुसऱ्याच चांगल्या पिंपातून. साबिन धुक्यात शिरला तो शिरलाच. विमान नाही, माणूस नाही, चाकसुद्धा सापडलं नाही. ओनुफ्रियेनं मरेपर्यंत त्या बरणीला कुणाला हात लावू दिला नाही.

वर गेरासिम हसून म्हणाला, शाबास पामफिलदादा, अकरा वर्षांचा हरवलेला माणूस तुम्ही एका फटक्यात उतरवलात की! हसला, पण छातीवर क्रूस काढला.

मलाही हसू आलं. खोटं कशाला लिहू, पुरतं नाही आलं.

९ सप्टेंबर
भर दुपारी धुकं उतरलं. तिन्ही विमानं जागेवर उभी, तरी धावपट्टीवर इंजिनाचा आवाज ऐकला. खोकत खोकत आला आणि कोठाराशी थांबला. बाहेर गेलो तर कुणी नाही. ओल्या गवतावर चाकांच्या दोन रेघा, थेट पंपापर्यंत. परत जाणाऱ्या रेघा नाहीत.

सकाळीच फोडलेलं पिंप तपासलं. काठोकाठ पाणी. नदीचं, गाळाच्या वासाचं. बारके शिंपले निघाले.

१० सप्टेंबर
दुसरं पिंप फोडलं. सकाळी निळं होतं. दुपारी तेही पाणी.

साबिनची बरणी चांगल्या पेट्रोलनं भरून, चिठ्ठी लावून पुन्हा फळीवर ठेवली होती, म्हटलं चूक निस्तरावी. तासाभरात बरणी पालथी, कोरडी. चिठ्ठी जमिनीवर, भिजलेली.

गेरासिमला दाखवलं. आज त्याला थट्टा सुचली नाही. म्हणाला, घरी आलेल्याला परत नाही पाठवता येत, दादा. अकरा वर्षं या फळीवर एक बरणी न ओतलेली होती. त्याची जागा रिकामी केलीत. ती आता दुसऱ्याची वाट बघणार.

इलिंकाला म्हटलं, चार दिवस उडू नकोस. तिनं माझी टोपी नाकापर्यंत ओढली. म्हणाली, आजोबा, इथल्या गप्पा ऐकून तू माझ्याहून लहान झालास!

११ सप्टेंबर, सकाळ
गेरासिम पहाटेच बोटीनं नवी पिंपं आणायला गेला. नऊला निरोप आला, पलीकडच्या गावात एक बाई अडली आहे, सुईण न्यायला हवी. मी विमानाच्या चाकापुढे उभा राहिलो. इलिंकानं मला हाताला धरून बाजूला केलं. म्हणाली, दोन जीव आहेत तिकडे, आजोबा. मग मीच नमुना काढला. तीनदा काढला. तिन्ही वेळा निळाशार.

गेली.

बरणी समोर आहे. चिठ्ठीवर तिचं नाव माझ्याच अक्षरात.

दुपार
सुईणीला तिकडे उतरवून ती निघाल्याचा निरोप आला. बाई सुटली, मुलगी झाली. पाऊण तासात इथं हवी.

धुकं. खिडकीबाहेर पंपसुद्धा दिसत नाही.

बरणीच्या तळाशी मोती. हरभऱ्याएवढा. झाकण घट्ट आहे, कुणी हात लावलेला नाही.

बोटभर पाणी.

अर्धी बरणी. निळं वर वर जातंय —

दारावर थाप. इलिंकाचा आवाज. पोचले म्हणतेय, बरणी ओत म्हणतेय. विमान उतरल्याचा आवाज नाही आला. म्हटलं, खिडकीशी ये, तोंड दाखव. येत नाही. पुन्हा तेच. तस्संच. ओत. ओत.

दाराखालून पाणी आत येतंय. गाळाचा वास.

आता वर इंजिन ऐकू येतंय. खरं. खोकतंय, घिरट्या घालतंय. तिला जमीन दिसत नाही. वर आहे ती माझी पोर. दारात आहे तो —

गेरासिम, ही वही तुला मिळाली तर ऐक. ही बरणी मी ओतलेली नाही. मागच्या ओळीतलं एक पिंप अजून निळं आहे. ते धावपट्टीवर नेऊन पेटवतो. एवढा जाळ तिला धुक्यातूनही दिसेल. पण बाहेर जायला दार एकच.

बरणी कोटाच्या आत, छातीशी. काडेपेटी दातात. निळा फक्त एक पापुद्रा उरलाय.

तो म्हणतोय, आजोबा —

कडी काढतोय. इलिंका, बाळा, खाली बघ, उजव्या हाताला, मी आत्ता