हजार मीटरवरची खुंटी

८ जाने., सायवन
सातवीला घातांक. दहाचा घात तीन म्हणजे हजार, घोकून पाठ. मनीषा उठली, "बाई, पन हजार मीटर म्हंजे किती लांब?" च्यायला, खरंच की! उद्या बाहेर.

९ जाने.
शाळेच्या दारात शून्य. दहा मीटर हापशापाशी, शंभर चिंचेखाली. प्रत्येक ठिकाणी खुंटी, लाल चिंधी, चुन्याची रेघ. शंभर मीटरची दोरी उद्या दहा वेळा टाकायची. पोरं नुसती पेटलीत.

१० जाने.
हजार मीटरची खुंटी नेमकी मनीषाच्या बापाच्या, लहानूच्या शेतात. तिनंच ठोकली. टाळ्या चालू, तेवढ्यात पाड्यावरून आरडाओरडा. "सर्वेवाले आले!" गेल्या साली रस्त्यासाठी जमीन मोजायला आले, ते अशाच चिंध्या बांधून गेले होते. माझ्या डोक्यात आलंच नाही. गाढव मी!
वीसेक माणसं. लहानूच्या हातात दांडका. "कोनी धाडलं तुला?" सांगत होते, शाळेचं आहे रे बाबा. पहिला फटका खांद्यावर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खाली पडले तर लाथा. मनीषा मधे पडली, तिच्याही तोंडावर लहानूनं हाणलं. रक्त. पोरं किंचाळत

११ जाने., डहाणू, दवाखाना
कालपासून डाव्या हातानं लिहितेय. उजवा प्लास्टरात, दोन बरगड्या मोडल्यात. हवालदार: "बाई, मारलं कोणी? नाव सांगा." म्हटलं, उद्या. संताप असा, की सडू दे मेल्याला तुरुंगात.
संध्याकाळी मनीषाची आई. जमिनीवरच बसली. "बाई, तो आत गेला तं आमी वीटभट्टीवर. मनीषापन." मग म्हणाली, "पाड्यावर आदी सांगाचा होता ना." खरंय. झोंबलं.

१३ जाने., सायवन, खोलीवर
ठरवलं. गर्दी होती, ओळखलं नाही म्हणायचं. राग गिळायचा, पोरगी वर्गात राहिली पाहिजे.

१४ जाने.
सकाळी मनीषा आली, एकटीच. ओठ सुजलेला.
"बाई, मी हवालदाराला बापाचं नाव सांगितलं. तुमाला मारलं, मला मारलं. तुमीपन सांगाल ना?"
दुपारी हवालदार जबाब घ्यायला येतोय. नाव घेतलं तर ही भट्टीवर जाणार. नाही घेतलं तर पोरगी सगळ्या पाड्यादेखत खोटी पडणार, आणि तो घरी हिला पुन्हा झोडणार.
डाव्या हातानं चहा केला, निम्मा सांडला. ती पितेय. दुपारच्या आत ठरवायचंय.