बदली माणूस

मस्कत,
१२ फेब्रुवारी १९८२

प्रिय यल्ल्या,

हे पत्र पोस्टानं नाही, सुट्टीवर निघालेल्या निपाणीच्या जिनाप्पांच्या हातून येतंय. पोस्टानं येणारं-जाणारं प्रत्येक पत्र आमचा मुकादम आधी वाचतो. तो सोलापूरचा, त्याला सगळं कळतं. घरी पोचलेलं पत्र आई गल्ली जमवून वाचायला लावते. त्यामुळं आजवर माझ्याकडून खरं पत्र कुणालाच गेलेलं नाही. हे तू एकट्यानं वाच.

कणकुंबी आठवते? बेळगावहून चालत गोव्याच्या समुद्रापर्यंत जायची टूम तुझीच. पाठीवर त्या खाकी पिशव्या, त्यात भाकरी, भडंग आणि तुझा बंद पडलेला रेडिओ, जो तू वाटेत दुरुस्त करणार होतास. जांबोटीच्या पुढं रानात वाट चुकलो आणि घाबरायचं सोडून तासभर हसत बसलो. तिसऱ्या दिवशी कणकुंबीत चहा पीत होतो, तर बसमधून आमचे अण्णा उतरले. "ऊठ रं, व्हिसा आलाय. सोमवारी मुंबईला जायाचं." मी अर्धा कप तसाच ठेवला. समुद्र राहिला. परतताना तू गप्प होतास. सहल मोडली म्हणून रुसलास असं मला वाटलं. बेळगावात उतरल्यावर म्हणालास, "माझंबी बघ की रं तिकडं."

आता समुद्र रोज दिसतो. मी काम करतो त्या जनरेटरच्या शेडमधून, तारेच्या कुंपणापलीकडं. दोन वर्षांत पाय एकदाही भिजले नाहीत. फाटकाबाहेर जायला चिठ्ठी लागते आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. मोटारीला टेकलेला माझा फोटो बघून जळला होतास ना? मोटार मालकाची, गॉगल केरळच्या स्वयंपाक्याचा. शर्ट तेवढा माझा. इथं कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण जनावर दावणीला बांधतात तसं वाटतं, आणि हे मी कुठल्या तोंडानं आईला लिहू?

करार दिवाळीत संपला. घरी जातो म्हटलं, तर मालक म्हणाला, तुझ्या जागी तुझ्यासारखा मिस्त्री दे आणि पासपोर्ट ने. तुझी तीन पत्रं उशाखाली होती. तिन्हींत तेच, 'यंत्रमागाच्या मोटारी डोळे मिटून दुरुस्त करतो, पासपोर्ट काढून बसलोय, मला बोलव.' मी तुझं नाव लिहून दिलं. त्याच दिवशी तुला 'इथं मजा आहे, लवकर ये' असं लिहिलं. लिहिताना मला आनंद झाला होता यल्ल्या, घरी जाणार म्हणून. त्याची आता लाज वाटते.

तुझा व्हिसा परवा निघाला. पंधरवड्यात वडगावला तुझ्या घरी पोचेल. लोक हार घेऊन येतील, अण्णा तुला मुंबईपर्यंत सोडायला निघतील. येऊ नकोस. भ्यालो म्हण, काहीही म्हण, पण येऊ नकोस. तू आला नाहीस तर मालक मला आणखी दोन वर्षं ठेवणार, ते मी काढीन. माझी पिशवी कंग्राळीला आमच्या घरी माळ्यावर असेल. ती मागून घे आणि कणकुंबीपासून पुढं चालायला लाग. समुद्रात पाय बुडवलेस की मला एक कार्ड टाक. पाणी कसं होतं तेवढंच लिही. ते मुकादमानं वाचलं तरी चालेल.

तुझाच,
नागोजी