चित्रफेरीतले बाबा

नाचणगाव,
रविवार, १२ फेब्रुवारी १९७८, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

तीर्थस्वरूप ओमप्रकाशदादांस,
धाकट्या लहानूचा शि. सा. न. वि. वि.

एका ट्रकच्या मागच्या फळीवर दोन मोर काढायचे होते, ते काल संपले. आत्ता रंगाच्या वाट्या धुऊन उपड्या ठेवल्या आणि लिहायला बसलो. इकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा थंडीने दुखतो, पण शेजारच्या अनुसयाबाई तेल लावून देते म्हणाल्या तर त्यांनाच रागावते.

तुमचे पत्र तिला दोनदा वाचून दाखवले. हिंगणघाटला महिन्याच्या पहिल्या रविवारी बंद दुकानांच्या दारांवर गावातल्याच माणसांची चित्रे आणि फोटो टांगतात, आणि लोक ते पाहत रस्ताभर फिरतात, हे तिला पटेना. विकत काही घ्यायचं नाई तं फिरतेत काऊन, असे विचारत होती. मी सांगितले, की मधुकरराव ड्रॉइंग मास्तरांनी ही चित्रफेरी सुरू केली आहे आणि दादाचा स्टुडिओ त्याच रस्त्यावर आहे. त्यावर म्हणाली, की त्याले म्हणा, आधी सोताची बनियान धुऊन टांगजो.

मार्चच्या फेरीसाठी तुम्ही बाबांचा फोटो मागितला, तेव्हापासून मात्र ती फोटोला हात लावू देत नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. तुम्ही कॅमेरा घेऊन आलात, त्यांना पागोटे बांधले आणि ओसरीच्या खांबाला टेकवून बसवले. आईने तेव्हा एकच मागितले होते, की मिटल्या डोळ्यांचा हा माणूस परक्याच्या नजरेला पडू नये. डोळे उघडे करून एक फोटो ठेवावा, बाकी सारे जाळावे. तुम्ही बाबांच्या पायाला हात लावून हो म्हणालात. फोटोवर डोळे मी रंगवले. रंगवायला बसलो तर बाबांचे डोळे मला आठवेनात, म्हणून तुम्हाला खिडकीशी बसवून तुमचेच काढले. आई रोज त्या डोळ्यांशी बोलते. काल भाजीत मीठ जास्त पडले, तेही सांगून झाले.

मला उगीच धाकधूक वाटते म्हणून विचारतो, राग मानू नये. निगेटिव्ह जाळलीच ना? तसे दोन ओळी कळवा, म्हणजे आई फोटो खिळ्यावरून काढू देईल.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमचा,
लहानू


हिंगणघाट,
२० फेब्रुवारी १९७८.

चि. लहानूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. वाचून हसू आले. अरे, तू सातवीतून शाळा सोडलीस, पण वकिलासारखी उलटतपासणी घेतोस. निगेटिव्ह केव्हाच जाळली. आईला सांग, बिनघोर राहा.

फोटो नीट गुंडाळून पाठव. खाली दोघांची नावे लावू, फोटो ओमप्रकाश, रंगकाम लहानू. मागच्या फेरीत मधुकररावांची निसर्गचित्रे होती, एका पोराने कापसाच्या गाड्यांचे फोटो टांगले होते. लोक चहा पीत पाहतात, कोणी हसतात, कोणी थांबतात. आपल्या बाबांसमोर थांबतील, लिहून ठेव. या वेळी नागपूरचे दोन पाहुणेही येणार आहेत, साहेब लोक आहेत.

ट्रकवर मोर काढून जन्म जायचा नाही तुझा. आईलाही घेऊन ये. भाड्याचे दहा रुपये मनिऑर्डरने पाठवतो. बनियान धुतली, हेही तिला सांग.

जीव लावून असावे.
तुझा दादा,
ओमप्रकाश


नाचणगाव,
सोमवार, ६ मार्च १९७८, दुपारचे सव्वादोन.

तीर्थस्वरूप दादांस, लहानूचा नमस्कार.

आत्तापर्यंत फ्रेममधली तडकलेली काच चिमट्याने काढत होतो. आई आत पडून आहे. जेवली नाही.

काल आम्ही पुलगावहून वर्ध्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने आलो. फोटो आधीच पार्सलने पाठवला होता, पण आम्ही येतो हे कळवले नव्हते, कारण तुम्हाला चकित करायचे हा आईचाच बेत होता. तिने हिरवे लुगडे नेसले होते. रस्त्यात गर्दी होती. तुमच्या स्टुडिओच्या दारावर बाबा दिसले, तेव्हा ती मला म्हणाली, पाह्य, लोक कसे उभे राह्यले तुह्या बापासमोर.

मग आम्ही जवळ गेलो. बाबा दोन होते. एक आमचे, उघड्या डोळ्यांचे. त्यांच्या शेजारी तेवढ्याच आकाराचे, नव्याने छापलेले, मिटल्या डोळ्यांचे. नाकातला कापूससुद्धा दिसत होता. खाली एकच चिठ्ठी होती, मरणानंतर आणि रंगानंतर, कलाकार ओमप्रकाश. माझे नाव नव्हते, त्याचे मी काही म्हणत नाही. जाळलेल्या निगेटिव्हचा नवा फोटो निघत नाही, एवढे मला कळते.

आईने पदर सोडून मिटल्या डोळ्यांच्या फोटोवर धरला आणि तशीच उभी राहिली. मागचे लोक म्हणू लागले, की ओ बाई, सरका, आमालेही पाहू द्या. ती सरकली नाही.

मी तुम्हाला शोधत समोरच्या चहाच्या दुकानात आलो. तुम्ही मधुकररावांबरोबर आणि त्या पाहुण्यांबरोबर पाठमोरे उभे होता. मधुकररावांनी विचारले, की ती बाई कोण, असे काय करते. तुम्ही वळून पाहिले. मग म्हणालात, की गावाकडची कोणी असेल, जाईल थोड्या वेळाने. मी तुमच्या मागे दोन हातांवर होतो. हाक मारली नाही. मारायला हवी होती की नाही, हे रात्रभर ठरवत होतो.

स्टुडिओच्या दाराशी परत आलो आणि आमचा फोटो खिळ्यावरून काढला. घाईत फ्रेम दारावर आपटली, काच तडकली. दुसऱ्यालाही हात घातला, तर तिथल्या मुलाने अडवले. ओमप्रकाशजींना विचारल्याशिवाय देता येणार नाही म्हणाला. बसची वेळ झाली तेव्हा आईला पदर काढून घ्यावा लागला. ती वळून न पाहता चालली. मी पाहिले. लोक पुन्हा जमले होते.

तुम्ही काय म्हणालात ते मी आईला सांगितलेले नाही.

लहानू


हिंगणघाट,
११ मार्च १९७८.

चि. लहानूस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले. पण तूही समजून घे. भर रस्त्यात, पाहुण्यांसमोर, मी काय सांगणार होतो? की ही माझी आई, आणि तो माझा मेलेला बाप? त्या लोकांच्या नजरेत मी कलाकार होतो. माझी जीभच वळली नाही. तुम्ही येणार हे कळवले असते तर मी काही सोय केली असती.

निगेटिव्ह जाळायला मी काडी पेटवली होती, खरे सांगतो. जाळवली नाही. तो माझा सर्वांत चांगला फोटो आहे. बाबांनी जिवंतपणी मला कधी स्वस्थ बसून फोटो काढू दिला नाही.

आता नीट ऐक. नागपूरच्या पाहुण्यांना दोन्ही फोटो एकत्र हवे आहेत. एकटा कामाचा नाही, जोडी पाहिजे. एप्रिलच्या फेरीत पुन्हा लावू, तिथून ते घेऊन जातील. या वेळी तुझे नाव नक्की टाकतो. काच मी बसवून घेईन, तू फक्त रंगवलेला फोटो पाठव. आईला समजाव. तू सांगितलेले ती ऐकते.

राग सोडावा.
तुझा दादा


नाचणगाव,
बुधवार, १५ मार्च १९७८, सकाळचे आठ.

दादांस, लहानूचा नमस्कार.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. पाहुण्यांचा भाग वगळणार होतो, पण तिने ओळखले आणि पूर्ण वाचायला लावले. शेवटी म्हणाली, की त्या दिवशी त्यानं मले पाह्यलं, हे मले तवाच समजलं होतं. मग मी तिच्यापासून लपवत होतो ते काय, असे मला झाले.

घरी आल्यापासून तिने बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. काल तो माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, हे डोळे उतरव. मी म्हटले, आई, मग बाबा मिटलेले दिसतील, तुला तेच नको होते. तर म्हणे, याच डोळ्यायनं त्यानं मले रस्त्यात पाह्यलं न् वळख देल्ली नाई. हे डोळे मले रोज घरात नाई पायजेत. त्यायले झोपू दे आता.

रंग पाण्याचे होते, वरून व्हार्निश दिले नव्हते. कापूस ओला करून आधी उजवा पुसला, मग डावा. डाव्या पापणीवर थोडा पांढरा डाग राहिला आहे. बाबा पुन्हा खांबाला टेकून निजले आहेत. आईने फूल वाहिले. आता ती बोलताना आवाज लहान ठेवते.

जोडी आता होणार नाही. दुसऱ्यांदा डोळे काढायचे तर कोणाला खिडकीशी बसवू, मला सांगता येत नाही.

हिशेब खाली दिला आहे. माया ठेवा असे लिहायचा रिवाज आहे. या वेळी जागा कोरी सोडतो.

लहानू

रेल्वे आणि एस.टी., दोघांचे, जाऊन येऊन : नऊ रुपये वीस पैसे
नवीन काच : साडेतीन रुपये
तुमचे माझ्याकडे येणे : मनिऑर्डरचे दहा रुपये, आजच परत पाठवले
माझे तुमच्याकडे येणे : काही नाही
आईचे तुमच्याकडे येणे : निगेटिव्ह, एक