मी उभा का राहिलो

१४ मार्च, शुक्रवार संध्याकाळ

दादा,

नमस्कार. दौऱ्यासाठी तुला रग्बी संघाचा कप्तान केल्याची बातमी वाचली. परवा आईकडे गेलो होतो, तेव्हा तिनं ती मला दोनदा वाचून दाखवली आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं. ती बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना सोडत नाही. आपला सामना बघितलास का, असं विचारलं तर म्हणाली, "त्या स्क्रममध्ये तुमची डोकी भिडली आणि रेटारेटी सुरू झाली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. एकाचं फुटलं तर दुसऱ्याला काय म्हणू?"

मी ठीक. पुढच्या सामन्यातून मला वगळलंय, ते तुला कळलंच असेल. सकाळी जिम, दुपारी छोटीला शाळेतून आणतो. तिनं विचारलं, "बाबा, मोठ्या काकांनी तुम्हाला हरवलं ना?" हो म्हणालो. बसमध्ये आमच्या कप्तानानं विचारलं होतं, "भावाला बघून पाय गळाले का रे?" त्यालाही हो म्हणालो. हो म्हटलं की लोक लवकर गप्प बसतात.

हे पत्र तुझ्या क्लबच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे वहिनी उघडणार नाही. फोनवर तू 'काय रे बारक्या' म्हणून दोन विनोद करतोस आणि ठेवून देतोस. एकशे अठरा किलोच्या माणसाला बारक्या म्हणणारा तू एकटाच.

शेवटच्या स्क्रमबद्दल लिहायचंय.

तू तुमच्या पहिल्या फळीत उजवीकडे, मी आमच्या पहिल्या फळीत डावीकडे. म्हणजे नेहमीसारखे समोरासमोर, कानाला कान. तू तिकडे खेळायला गेलास आणि तिकडचाच झालास, तेव्हापासून आपली भेट बहुतेक अशीच होते. वाकलो, भिडलो. तुझ्या उजव्या हाताची मूठ माझ्या जर्सीत होती. तुझी पकड मला लहानपणापासून ठाऊक आहे. बरगडीपाशी कापड पिळून धरतोस. चेंडू आत आला आणि मूठ उघडली. निसटली नाही, उघडली. झोपलेल्या माणसाची उघडते तशी. मग तुझं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. तू काही बोलला नाहीस. एरवी स्क्रममध्ये तुझ्या शिव्या थांबत नाहीत.

माझ्यामागून सगळे रेटत होते. मी अर्धं पाऊल पुढं टाकलं असतं, तर तो सगळा जोर माझ्या खांद्यातून तुझ्या मानेत गेला असता.

म्हणून मी उभा राहिलो. स्क्रममधून असं मध्येच उठणं नियमात बसत नाही. शिट्टी वाजली, दंड आमच्यावर, तुमच्या पोरानं चेंडू खांबांमधून मारला आणि तुम्ही एका गुणानं जिंकलात. पेपरात आलंय की तू मला उचललंस. येऊ दे. ते तू खोडायला जाऊ नकोस, मी त्यासाठी लिहीत नाही.

सामन्यानंतर तू मला डाव्या हातानं मिठी मारलीस. आईकडे असतानाच वहिनीचा फोन आला होता. "हल्ली शर्टाची बटणंसुद्धा मीच लावायची, या वयात लाडात आलेत," असं सांगून हसत होती. आईही हसली. मला हसता आलं नाही.

कधीपासून आहे हे, दादा? त्या दिवशीचं पहिलं नव्हतं. मूठ उघडली तेव्हा तू दचकला नाहीस.

कप्तानपद तुला किती उशिरा मिळालं, ते मला कळतं. पहिल्या फळीत मान घालणाऱ्याला कोण कप्तान करतं? हा एक दौरा करू, मग थांबू, असं तू ठरवलं असशील. मीही तेच ठरवलं असतं.

पण दौऱ्याच्या पहिल्या सामन्यात तुझ्यासमोर येणारा पोरगा माझ्या क्लबातला आहे. फार गुणी. जिमचं दारसुद्धा हळू लावतो, आणि अंगात अचाट ताकद. त्याला तुझी पकड ठाऊक नाही. मूठ उघडली तर त्याला वाटेल, म्हातारा दमला, आणि तो रेटेल. आपण सगळ्यांनी त्याला तेच शिकवलंय. मग तुझं जे व्हायचं ते होईल आणि तो पोरगा जन्मभर ते उरावर घेऊन फिरेल.

तुमच्या संघाच्या डॉक्टरबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. एकदा त्यांनी माझी भुवई शिवली होती. तुमचं शिबिर सोमवारी, चोवीसला सुरू होतंय. त्याआधी त्यांना हाताचं सांग, मानेची तपासणी करून घे. काही निघालं नाही तर मला वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन.

तू सांगितलं नाहीस, तर त्याच सोमवारी सकाळी मी त्यांना फोन करणार आहे. आईला मध्ये घालू नकोस, मी तिचंही ऐकणार नाही.

त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस. त्याचाही विचार करून झालाय. न बोलणारा दादा मला चालेल.

तुझा,
बारक्या