मीठ टाकायचं राह्यलं

प्रिय उर्वशी,

पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, आम्ही दोघंही ठीक आहोत. असं लिहिलं की वाचणारा जास्तच घाबरतो हे कळतं मला, पण दुसरी सुरुवात सुचली नाही. दोन कागद फाडून झाले. आज शनिवार. पहिली पाळी करून आलो, आंघोळ केली, तरी कानातून कोळसा निघतोच आहे. मैना शेजारी जरीनाभाभीकडे गेली आहे. माझ्या प्रत्येक पत्राखाली तुझी लेक चार ओळी लिहिते, या वेळी लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल. उद्या रविवार, तू टेकडी चढून त्या मोहाच्या झाडाखालून फोन करशील. पण आपला निम्मा फोन 'ऐकू येते का, ऐकू येते का' यातच जातो, आणि हे अर्धवट ऐकलंस तर तू मिळेल त्या बसनं निघशील. म्हणून उद्या मी फक्त हो-नाही करीन, राग मानू नको. हे पाकीट सोमवारी दिनेशजवळ देतो. तो औषधांची गाडी घेऊन जिवतीला येतोच, तुझ्या उपकेंद्रावर आणून देईल.

विषय तोच, बदलीच्या अर्जाचा. दिवाळीत तू चार दिवस आलीस आणि शेवटच्या दिवशी मी नको ते बोललो. लोकांची बाळंतपणं करायला तुला वेळ आहे आणि स्वतःचं लेकरू शेजाऱ्यांच्या ताटात जेवतं, असं. तू कागद घेतलास, घुग्घुसला परत बदली मिळावी म्हणून अर्ज लिहिलास, खाली सही केलीस, तारीख मोकळी सोडलीस आणि माझ्या हातात दिलास. म्हणालीस, ज्या दिवशी खरंच झेपणार नाही त्या दिवशी दे, मला विचारू नको, विचारलंस तर मी नाहीच म्हणेन. तेव्हापासून तो कागद मी डब्याच्या पिशवीत घेऊन फिरलो. रोज डबा काढताना तो हाताला लागायचा. त्याच्या एका कोपऱ्याला वांग्याच्या भाजीचं तेल लागलं, तेही मी बघत राहिलो.

ते मशीनही त्याच दिवाळीत घरात आलं होतं, आठवतं ना? खाणीच्या सुरक्षा सप्ताहात डंपरवाल्यांची सोडत निघाली, लटारूभाऊला कुकर लागला आणि मला हा एअर फ्रायर. तू त्याला कोंबड्यांचं खुराडं म्हणालीस आणि परत खोक्यात घालून ठेवलंस. तू गेल्यावर आठ दिवस मी खिचडीच केली. नवव्या दिवशी मैनानं ताट सरकवलं, 'बाबा, खिचडी तर बिमार माणसं खातेत न' म्हणाली, तेव्हा खोकं उघडलं. सुरुवातीचे प्रताप सांगतो, म्हणजे हसशील तरी. भज्यांचं पातळ पीठ सरळ जाळीवर ओतलं, सगळं भोकांतून खाली गेलं आणि तळाशी त्याची पोळी झाली. पापड ठेवला तर आतल्या वाऱ्यानं उडाला आणि वर तारेला चिकटून जळाला. वडशाहून आईनं पाठवलेले सुके झिंगे टाकले, तो दिवस तर विचारूच नको. सगळ्या क्वार्टरांची दारं धडाधड उघडली आणि जरीनाभाभींचे नवाबभाई नाकाला रुमाल लावून आले, 'अजयभाऊ, क्या जल रहा है?' गीझर आणि मशीन सोबत लावलं की घरातलं बटण पडतं, हे कळेपर्यंत तीनदा अंधारात बसलो.

आता जमतं. वांग्याला चिरा द्यायच्या, तेलाचा हात लावायचा, वीस मिनिटं ठेवायचं, मध्ये एकदा उलटायचं, की भरताला तयार. तेवढ्यात कुकरमध्ये भात-वरण होतं आणि मैनाचे पाढे ऐकून होतात. भेंडीला बारा मिनिटं पुरतात. बटाट्याच्या लांब फोडी धुऊन, फडक्यानं कोरड्या पुसून, चमचाभर तेल-तिखट चोळून पंधरा मिनिटं, ही तुझ्या लेकीची लाडकी भाजी, भाजी म्हणायची तर. लाखोळीच्या डाळीचे वडेसुद्धा केले. तुझ्या आईसारखे नाही होत, भेगा पडतात, पण वरणात बुडवले की खपतात. सातला आम्ही ताटावर असतो, साडेआठला ती झोपते आणि तिच्या पाठोपाठ मी, कारण चारला उठायचं असतं.

तू म्हणशील, एवढं जमतं तर मग रडगाणं कशाचं? रडगाणं नाही गं. दमलोय, एवढंच. हाताला काम फार आहे असं नाही, मशीन त्याचं त्याचं भाजतं. पण 'उद्या काय' हे डोक्यातून जात नाही. खाली खाणीत डंपर लावून माल भरायची वाट बघत असतो, समोर शंभर टनांचा ढीग, आणि माझ्या डोक्यात काय, तर फ्लॉवर संपला, मैनाला गुरुवारी डब्यात पोळीच लागते, दही विरजायचं राहिलं. इतकी वर्षं हा सगळा विचार तू कधी करत होतीस, मला एकदाही दिसला नाही. ताट समोर यायचं आणि मी जेवायचो. ह्याची लाज वाटते, म्हणून लिहून टाकलं.

दुसरी लाज पण सांगतो, लिहायला लागलोच आहे तर. आमच्या पाळीत सगळे डबे एकत्र उघडतात हे तुला माहीत आहे. कोणाच्या घरी काय चाललंय ते डब्यावरून कळतं, बायको माहेरी गेली की दुसऱ्याच दिवशी सगळ्या खाणीला ठाऊक. मी पहिल्यांदा भरीत नेलं तेव्हा लटारूभाऊनं बोट चाटत विचारलं, 'काऊन बे, उर्वशीबाई आली का?' आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग काय, पंधरा दिवस तू इथेच होतीस. भेंडी तुझी, वडे तुझे. पाळीतला निकेश तर म्हणाला, वहिनीले सांगा, एक दिवस आमच्यासाठी पण करा. शेवटी वड्यांना पडलेल्या भेगा बघून लटारूभाऊ ओळखून चुकले. सगळे उठल्यावर म्हणाले, 'तूच करून राह्यला न हे? मंग सांगाले लाज कायची? बाई तिकडं मोठं काम करून राह्यली, अन् तू तिले इथी चुलीपाशी बसवून ठेवलं.' मी डब्याला झाकण लावलं. खरंच होतं त्यांचं.

तुझं काम मोठं आहे हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझं मागचं पत्र मैनानं मला तीनदा वाचून दाखवलं. आधीच्या नर्सबाई दोन महिन्यांवर टिकत नव्हत्या, म्हणून पाड्यावरच्या बाया उपकेंद्राची पायरी चढत नव्हत्या. आता तुझी आशाताई सुकरी एकेकीला हाताला धरून आणते, आणि त्या तुला नावानं हाक मारतात. ती सात महिन्यांची गरोदर पोरगी, जिला तू गोळ्या घ्यायला रोज बोलावतेस, ती बाळंत होईपर्यंत मला कुठे जायचं नाही, असं तू लिहिलं होतंस. मैनानं त्या ओळीखाली लाल पेन्सिलनं रेघ मारून ठेवली आहे. मी ती रेघ बघितली होती. बघूनही पुढचं केलं.

मागच्या आठवड्यात मंगळवारी माझा रिलीवर, पुढच्या पाळीचा डंपरवाला, आलाच नाही. दोनला सुटायचं ते साडेसहाला सुटलो. जरीनाभाभीला फोन लावला होता, मैनाला तुमच्याकडेच बसवा म्हणून, पण त्या बाजारात होत्या. मैना शाळेतून आली, कुलूप उघडलं, माझी वाट बघितली. मशीनला हात लावायचा नाही हे तिला पक्कं बजावलेलं होतं. पण तिनं मनाशी ठरवलं की बाबा थकून येईल, आपण बटाटे करून ठेवू. मी घरी आलो तर ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं, आणि तुझी नऊ वर्षांची लेक स्टुलावर उभी राहून उजवा हात नळाखाली धरून होती. मशीनची टोपली ओढून काढताना हँडल सुटलं, पडू नये म्हणून तिनं तापलेली टोपली तळव्यानं धरली. रडत नव्हती. मीच रडायच्या बेतात होतो, आणि मूर्खासारखा टूथपेस्ट शोधायला धावलो. तर मला म्हणते, 'ते नाई लावायचं. आई सांगते, नुसतं पाणी. मी मोजून राह्यली, बोलू नको.' मी शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं ताटाकडे मान केली आणि म्हणाली, 'बटाटे झाले बाबा, फक्त मीठ टाकायचं राह्यलं.'

उर्वशी, डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पट्टी केली. तळव्यावर आणि दोन बोटांना फोड आले होते, आता सुकत आले आहेत, बोटं नीट वळतात, भिण्यासारखं काही नाही असं ते दोनदा म्हणाले. मागच्या रविवारी तू विचारलंस की मैना गप्प का, तेव्हा मी सर्दी झाली म्हणून थाप मारली. ती बाजूलाच उभी होती, तिलाही मी थापेत घेतलं. ते बटाटे आम्ही त्या दिवशी अळणीच खाल्ले. तिला भरवत होतो आणि एकच डोक्यात होतं, मले नाई जमत. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तसाच कोळशाच्या कपड्यांत चंद्रपूरला गेलो, तुझ्या ऑफिसात. खिडकीसमोर उभं राहून त्या अर्जावर माझ्या पेननं तारीख टाकली आणि अर्ज आत सरकवला. बाबूनं शिक्का मारला. बसमध्ये बसल्यावर हलकं वाटलं, खोटं नाही सांगत. इतकं हलकं वाटलं की घुग्घुसचा स्टॉप येईपर्यंत झोपलो.

मैनाला मी काल सांगितलं. वाटलं, नाचेल. मी बटाटे सोलत होतो, ती डाव्या हातानं एकेक फोड पाण्यात टाकत होती. आई येईल आता, म्हटलं, कागद दिला मी. तिचा हात थांबला. म्हणाली, 'अन् त्या सात महिन्यांच्या ताईचं काय?' मी म्हटलं, दुसरी नर्स येईल. तर म्हणे, 'माझ्या हाताच्या पायी दिला न? म्हणूनच तर मी आईले सांगत नव्हती.' मग उरलेल्या फोडी एकेक करून पाण्यात टाकल्या आणि शेवटी म्हणाली, 'तू आईले विचारलंच नाई, बाबा.' नऊ वर्षांच्या पोरीपुढे मान खाली घालायची वेळ आली, आणि ती माझ्यावर ओरडलीही नाही.

म्हणून हे पत्र. आज पाळीवरून परस्पर त्या बाबूंच्या घरी जाऊन आलो, त्यांचं घर आमच्या फाट्यावरच आहे. म्हणाले, अर्ज महिनाअखेरीला वर जाईल, त्याआधी माघार घेता येते, पण माघारीचा कागद बाईंच्या स्वतःच्या हातचा आणि त्यांच्या तारखेचा पाहिजे, नवऱ्याचा चालत नाही. तर या पाकिटात एक कोरा कागद ठेवला आहे. तू यावंस असं मला वाटतं, ते मी लपवत नाही. रोज सात वाजता वाटतं. पण तू ये म्हणण्याचा माझा हक्क मी त्या खिडकीत खर्चून आलो. लिहिलंस तर दिनेशजवळ दे, मी त्याच दिवशी नेऊन देईन आणि पोच घेईन. नाही लिहिलंस तर ये, तुझ्या हातचं नको, माझ्याच हातचं भरीत जेव. रिलीवर आला नाही तर मैनानं सरळ जरीनाभाभीकडे जायचं आणि मशीनची वायर मी कपाटात कुलपात ठेवायची, एवढं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे. त्या कोऱ्या कागदावर माझं एक अक्षर नाही, तारीखसुद्धा नाही. ती तूच टाक.

तुझाच,
अजय

ता. क. मैना आली, आणि पाकीट चिकटवू देत नाही. खालचं तिचं आहे, डाव्या हाताचं.

आई मी पूर्ण वीस मिनिटं हात पाण्यात ठेवला होता. बाबानं घड्याळ पाहिलं नाई. मी पाहिलं. बरोबर केलं न?