'दिसते' म्हणणाऱ्या क्रेनचालकाच्या फेरतपासणीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वैद्यकीय तपासणी मंडळ,
शासकीय रुग्णालय.

विषय : पतीस 'नजर उत्तम' म्हणून दिलेला दाखला रद्द करून सोमवारपूर्वी फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : १) मंडळाचा उपरोक्त दाखला. २) मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र, जे आपल्या खिडकीवर घेतले गेले नाही.

महोदय,

अर्जदाराचे पती लोखंडाच्या गोदामात क्रेनचालक आहेत. मंडळाने त्यांना आंधळे ठरवले असते तर त्यांचा फायदाच होता : निवृत्तिवेतन लवकर, बसचा पास फुकट, शिवाय गोदामात बसून फोन घेण्याचे काम. 'दिसते' म्हणून पदरात काय पडले, तर उंच शिडी आणि साखळीला लोंबणारे लोखंड. अर्जदार किराणा दुकानात हिशेब लिहिते. माणूस खोटे बोलतो ते जमेच्या बाजूला काहीतरी पडावे म्हणून, हे ती गिऱ्हाइकांत रोज पाहते. स्वतःच्या नुकसानीसाठी खोटे बोलणारा तिला अजून भेटलेला नाही. सबब पती खोटे बोलत नाहीत. ते आजारी आहेत.

२. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी तुटला. मेंदूच्या डॉक्टरांनी समजावले ते असे : "बाई, डोळे ठणठणीत आहेत. पण डोळ्यांनी आणलेलं जिथे पोचतं तो भागच गेला, आणि 'मला दिसत नाही' हे कळायची सोयही त्याच्याबरोबर गेली. रिकाम्या जागी मेंदू आपल्या मनाचं भरतो." तेव्हापासून पती कपाटाला धडकतात आणि विचारतात, "हे इथे कुणी सरकवलं?" कपाट लग्नापासून तिथेच आहे. सकाळी म्हणतात, "पिवळा रंग खुलतो हं तुला." अर्जदाराकडे पिवळे वस्त्र एकही नाही. साऱ्या संसारात तिच्या कपड्यांबद्दल चकार शब्द न काढलेला माणूस आता रोज कौतुक करतो. आजाराचा हा एकमेव लाभ असून अर्जदार तो जमेस धरीत नाही.

३. तपासणीच्या दिवशी पती अर्जदाराचा हात धरून आत आले व म्हणाले, "नमस्कार डॉक्टरसाहेब, पांढरा कोट शोभतो तुम्हाला." डॉक्टरांचा कोट पांढराच असायचा, त्यामुळे सलामीलाच बाजी मारली. मग तक्ता वाचायला सांगितले. क्रेनचालकांची नजर दरवर्षी याच खोलीत, याच तक्त्यावर तपासली जाते. गोदामातल्या सगळ्या चालकांना तो पाठ असून कॅन्टीनमध्ये चहा पिताना ते एकमेकांना म्हणून दाखवतात. पतींनी तो अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता वाचला. त्या वेळी तक्ता त्यांच्या पाठीमागे होता आणि त्यांचे तोंड हात धुण्याच्या बेसिनकडे होते. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. अर्जदार म्हणाली, "साहेब, जरा वर बघा." उत्तर मिळाले, "बाई, पेशंट तुम्ही आहात की ते?"

४. दाखला रद्द करण्यासाठी खिडकीवर गेले असता, ज्याचा दाखला त्याचीच सही हवी, असे सांगण्यात आले. पतींपुढे कागद ठेवला तर ते संतापले : "धडधडीत दिसत असताना आंधळा म्हणून सही करू? सरकारला फसवायला सांगतेस मला?" नवरा सरळमार्गी आहे म्हणून शेजारणी अर्जदाराचा हेवा करत आल्या आहेत. तो सरळपणा इतका महाग पडेल असे तिला वाटले नव्हते. गोदामाच्या मॅनेजरसाहेबांनी तर हातच जोडले : "वहिनी, कागदावर नजर उत्तम आहे. आम्ही काय डॉक्टरांपेक्षा शहाणे?" वास्तविक शिडीची पायरीन् पायरी पतींच्या पायांना पाठ आहे, क्रेनचे दांडे हातांना पाठ आहेत. सोमवारी ते पुन्हा कामावर रुजू होतील, वर चढतील, लोखंड उचलतीलही. ते कुणाच्या डोक्यावर सोडत आहेत, एवढेच त्यांना कळणार नाही.

५. क्रेनखाली उभे राहून हाताच्या खुणांनी 'उचल', 'थांब', 'सोड' सांगणारा माणूस अर्जदाराचा सख्खा भाऊ होता. गेल्या आठवड्यात तो घरी आला, तेव्हा पती त्याची थट्टा करत म्हणाले, "मेहुण्या, तू नुसतं बोट हलव, मला वरून दिसतं. आत्ताच बघ ना, कसला हात नाचवतोयस!" भावाचे दोन्ही हात खिशात होते. तो चहा न घेता उठला. दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरसाहेबांना सांगितले, "दाजी वर असतील तर मी खाली उभा राहणार नाही." काम नाकारल्याबद्दल त्याला त्याच दिवशी काढून टाकले. त्याच्या जागी सोमवारपासून नवीन माणूस येत आहे. त्याला यातले काहीही सांगितलेले नाही. सांगितले तर तोही यायचा नाही, असे मॅनेजरसाहेबांचे म्हणणे पडले.

तरी विनंती की, पतीस उद्याच बोलवावे, तक्ता भिंतीवरून काढून घ्यावा आणि मग त्यांना वाचायला सांगावे. ते वाचतील. वाचून झाले की दाखला आपल्या हाताने फाडावा व तसे गोदामास कळवावे. पतींना कारण सांगत बसू नये, ते वाद घालतील. त्यांची समजूत घालण्याचे अर्जदार बघून घेईल.

आजवरचा हिशेब असा : नजर पतींची गेली, पण गेल्याचे त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या नावे काही पडले नाही. मंडळाचे काही गेले नाही. गोदामाचे काम एक दिवस थांबले नाही. नोकरी भावाची गेली. बाकी राहिलेले सोमवारी ज्याच्या नावे पडेल, त्याचे नावसुद्धा अर्जदारास माहीत नाही.

उत्तरासाठी खिडकीबाहेर थांबलेली,
आपली नम्र अर्जदार
(सही)
क्रेनचालकाची पत्नी

दिनांक : २६, शुक्रवार

सोबत : १) मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र. २) रद्द करावयाचा दाखला. ३) भावास कामावरून काढल्याचा आदेश. (पतीची सही मिळू शकलेली नाही.)